दुखतं कोपर, कारण मुठीत

वाशिम जिल्ह्यात सप्टेंबर सरत आला की सोयाबीनच्या शेंगा वाळू लागतात आणि सोंगणीची एकच घाई उडते. शेंगा तडकायच्या आत आणि परतीचा पाऊस गाठायच्या आत रान मोकळं करायचं असतं. सोंगणी बहुधा एकरी भावाने, ठोक्याने दिली जाते. हात जितका भरभर चालेल तितकी मजुरी हाती पडते. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत चित्र तेच: कंबर वाकलेली, डाव्या मुठीत झाडं आणि उजव्या हातात विळा. दिवसभरात त्या विळ्याचे किती हिसके बसतात याची मोजदाद कुणी ठेवत नाही. हंगाम उरकल्यावर मात्र अनेकांची तक्रार सुरू होते की कोपराच्या बाहेरच्या हाडातून सणक निघते आणि मुठीत बळच राहत नाही.

हे दुखणं प्रस्तुत लेखकाने अंगावर काढलेलं आहे. सोंगणी झाली, थ्रेशरही शेतातून निघून गेलं आणि एका सकाळी भरलेला तांब्या उचलताना अशी कळ आली की तांब्या हातातून सुटला. पुढे ओला पंचा पिळणं, दाराची कडी सरकवणं, बरणीचं झाकण फिरवणं, मोटारसायकलची मूठ धरणं ही साधी कामंही जड झाली. कोपरावर ना सूज होती ना लाली. घरी गरम तेलाने जोरजोरात चोळून झालं. रात्री ठणका वाढला. मग एका खासगी दवाखान्यात कोपरात इंजेक्शन मिळालं आणि थोड्याच दिवसांत दुखणं पार गेलं. हिवाळ्यात तूर सोंगायला आली, हात पुन्हा विळ्यावर गेला आणि दुखणं आधीपेक्षा जोराने परतलं. अखेर हात बरा झाला तो फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामाने. घरच्या घरी, पाण्याच्या बाटलीने केलेल्या त्या व्यायामाला सगळा उन्हाळा द्यावा लागला.

ही हकिगत एकट्याची नाही. वैद्यकीय संशोधनात ती जवळपास याच क्रमाने नोंदलेली आहे.

या दुखण्याला सगळीकडे ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. 1883 मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ‘लॉन टेनिस एल्बो’ या नावाने त्याची चर्चा झाली आणि नाव रूढ झालं. पण त्याच्या दहा वर्षं आधी, 1873 मध्ये, रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं होतं ते सतत लिहिणाऱ्या माणसांच्या संदर्भात. म्हणजे हा आजार पहिल्यापासून कामकऱ्यांचा आहे. रुग्णांपैकी फार थोड्यांनी रॅकेट हातात धरलेली असते. साधारण पस्तिशी ते पंचावन्न या वयात तो जास्त आढळतो, आणि प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण शंभरात एक ते तीन मानलं जातं.

दुखतं कोपर, पण कारण असतं मुठीत. हाताचा पंजा वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून निघतात आणि मनगटाकडे जातात. आपण काहीही घट्ट धरलं की मनगट ढळू नये म्हणून हे स्नायू मागून ताण धरतात. त्यांतला ‘एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस ब्रेव्हिस’ हा स्नायू बहुतेक रुग्णांमध्ये दोषी असतो. त्याचा हाडाला चिकटलेला कंडरा रोजच्या ताणाने झिजतो, आणि ती झीज भरून निघण्याआधीच दुसऱ्या दिवशीचं काम सुरू होतं. जुन्या दुखण्यातले असे कंडरे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. दिसले ते विस्कटलेले, नीट न जुळलेले तंतू. म्हणूनच नुसती सूज उतरवणारी औषधं इथे फार दूर नेत नाहीत. तंतूंना पुन्हा सशक्त करावं लागतं, आणि ते बेताबेताने वाढवलेल्या भारानेच होतं.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोहोचला तो सचिन तेंडुलकरमुळे. ऑगस्ट 2004 मध्ये हॉलंडच्या दौऱ्यात त्याचं कोपर दुखावलं. इंग्लंडमधली चॅम्पियन्स करंडक स्पर्धा हुकली, ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामनेही हुकले. ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या कसोटीत तो परतला, डिसेंबरमध्ये ढाक्याला त्याने नाबाद 248 धावाही केल्या. पण कोपर पुरतं सुटलं नव्हतं. मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बराच काळ बॅट धरता येईना, खेळ संपला की काय अशी धास्ती वाटत होती, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. 25 ऑक्टोबर 2005 रोजी श्रीलंकेविरुद्ध तो पुन्हा नागपूरलाच मैदानात उतरला आणि 93 धावा करून गेला. डिसेंबरमध्ये दिल्लीत त्याचं पस्तिसावं कसोटी शतक झालं आणि सुनील गावसकरांचा विक्रम मागे पडला. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसालाही वर्षभराहून अधिक काळ या कोपराने झुंजवलं. तेव्हा शेतकऱ्याने किंवा मजुराने आठ दिवसांत आराम पडत नाही म्हणून खचायचं कारण नाही. शस्त्रक्रियेची वेळही फार थोड्यांवर येते; बहुतेकांना वर्षभरात तिच्याविना बरं वाटतं.

दुखणं हेच आहे का, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. हात सरळ ठेवून, तळवा जमिनीकडे करून प्लॅस्टिकची खुर्ची पाठीला धरून उचलावी. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याशी नेमकी कळ आली तर संशय पक्का होतो. दुखणं कोपराच्या आतल्या, अंगाकडच्या बाजूला असेल तर तो ‘गोल्फर्स एल्बो’. कोपराच्या टोकावर पाण्याची पिशवी असावी तशी मऊ गाठ आली तर ती तिथल्या पिशवीची सूज. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर कोपरामागची नस दबलेली असू शकते, आणि मानेतून कळ उतरत असेल तर मूळ मानेच्या मणक्यात शोधावं लागतं. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावं.

आता इंजेक्शनाचा मुद्दा. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथे 198 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, काहींना फिजिओथेरपी दिली, तर काहींना फक्त सल्ला देऊन वाट पाहायला सांगितलं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांत पुढे होते. पण त्यांच्यातल्या बऱ्या झालेल्या 65 जणांपैकी 47 जणांचं दुखणं पुढे उलटलं, आणि वर्षअखेरीस बाकीचे दोन्ही गट त्यांच्यापेक्षा चांगल्या स्थितीत होते. हंगाम गाठायचा म्हणून इंजेक्शनचा आग्रह धरणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही रोज घेऊ नयेत. पोटात व्रण होणं, मूत्रपिंडाला इजा होणं हे त्यांचे खरे धोके आहेत, आणि उन्हात घाम गाळणाऱ्याला ते जास्त. दुखऱ्या जागी लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल, कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा दहा-पंधरा मिनिटं शेक आणि कळ आणणारं काम काही दिवस कमी करणं, एवढ्याने सुरुवातीला भागतं. हात गळ्यात बांधून मात्र ठेवू नये. त्याने स्नायू आणखी दुबळे होतात.

खरा उपाय व्यायामाचा, आणि तो पद्धतशीर करावा लागतो. टेबलावर हात कोपरापासून मनगटापर्यंत टेकवावा, पंजा कडेबाहेर आणि तळवा खाली. हातात अर्धा लिटरची भरलेली बाटली घ्यावी. दुसऱ्या हाताच्या मदतीने पंजा वर आणावा, मग मदत काढून घेऊन तो मनात चार-पाच अंक मोजत सावकाश खाली सोडावा. असं दहा-पंधरा वेळा, मध्ये विसावा घेऊन तीन फेऱ्या, रोज. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं राहिलं तर बाटलीतलं पाणी कमी करावं. सोपं वाटू लागलं की वजन हळूहळू वाढवावं. फरक जाणवायला सहा आठवडे, चांगला गुण यायला तीन महिने धरावेत. कामाच्या वेळी कोपराच्या खाली दोन बोटं सोडून बांधायचा पट्टा काहींना उपयोगी पडतो. झोपताना तो काढावा.

दुखणं टाळण्याची सुरुवात विळ्यापासून होते. बोथट विळ्याला जास्त जोर लागतो आणि तो सगळा कोपराशी जमा होतो. म्हणून विळ्याची धार रोज पाहावी किंवा वैभव विळ्यासारखा दातेरी विळा वापरावा. मूठ बारीक आणि गुळगुळीत असेल तर ती आवळून धरावी लागते. तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब किंवा सुती कापड गुंडाळलं की पकड सैल ठेवता येते. मनगट वाकडं न करता खांद्यातून आणि अंगातून ओढ द्यावी. पहिल्याच दिवशी पूर्ण दिवस न सोंगता दोन-तीन दिवसांत वेळ वाढवावा, आणि सोंगणी, गोळा करणं, गंजी लावणं अशी कामं आलटून पालटून घ्यावीत. फवारणीला सोळा लिटरच्या हातपंपाचा दांडा दिवसभर खालीवर करण्यापेक्षा बॅटरीचा पंप घेणं परवडतं. अवजारांबाबत विचारायला करडा इथलं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे.

बायांच्या हाताला तर दोन पाळ्या असतात. निंदण, कापूस वेचणी आणि सोंगणी करून आल्यावर भाकऱ्या थापणं, हापशीवरचं पाणी, धुणं पिळणं चुकत नाही. बादली तळवा वर ठेवून, अंगाजवळ, दोन्ही हातांनी उचलावी. गोधड्या आणि जाड कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवावेत. आणि ज्या घरात बाईचा हात दुखतो, तिथे हापशी आणि धुणं घरच्या पुरुषांनी उचलावं; गोळीपेक्षा त्याचा गुण जास्त येतो.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबू नये. पडल्यावर कोपर वाकडं दिसणं, हात सरळ न होणं, कोपर लाल-गरम होऊन ताप येणं, बोटं बधिर पडणं, किंवा डाव्या हाताच्या कळेबरोबर छातीत दाब आणि घाम येणं, यांत लगेच रुग्णालय गाठावं. झाडावरून पडलेल्या लेकराच्या कोपराला हाडवैद्याकडून घट्ट पट्टी कधीही बांधून घेऊ नये. रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत हात कायमचा निकामी होऊ शकतो.

येत्या हंगामात सोंगणीचा ठोका ठरवताना शेतमालकांनी आणि मुकादमांनी धारदार विळे आणि अधूनमधून विसावा, एवढ्या दोन गोष्टी बोलीत घालाव्यात. आणि कोपराची कळ दोन आठवड्यांत ओसरली नाही, तर पुढचं पीक उभं राहायची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात किंवा वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जाऊन हात दाखवावा.