शंका-समाधान : दुसऱ्याच्या पात्रांची गोष्ट

मागच्या अंकात फॅनफिक्शनचा, म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेनं लिहिलेल्या कथांचा, ओझरता उल्लेख केला आणि टपाल एकदम वाढलं. त्यातली चार पत्रं घेतो. बरेच लिहिणारे विद्यार्थी आहेत, म्हणून नावं गाळली आहेत.

शंका : मी मराठीचा निवृत्त शिक्षक. ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ ही महाभारताची फॅनफिक्शनच, असं माझा नातू म्हणतो. मान्य करावं का? (सातारा)

समाधान : नातवाची वकिली चांगली आहे, पण मला ती पटत नाही. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली, ती ज्या कथेवर, ती साऱ्यांच्या मालकीची होती. महाभारताचंही तेच. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची, सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची. दोन्ही मूळ महाभारत न वाचलेल्यालाही पूर्ण कळतात. फॅनफिक तशी नसते. हॅरी पॉटरवरची असेल तर हॉगवर्ट्स कुठे आहे, डम्बलडोर कोण, हे सांगण्यात ती एक ओळही घालवत नाही. मूळ पुस्तकाची पारायणं केलेल्यांसाठीच ती लिहिलेली असते. तिचं परीक्षण करताना हे धरूनच चालावं लागतं. ‘मला पात्रं कळलीच नाहीत’ ही तक्रार तिथे गैरलागू. बाकी तिला मान कधी मिळालाच नाही असं नाही. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांनीच उभारलेल्या कथासंग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला आहे.

शंका : मी एकोणीस वर्षांची. हॅरी पॉटरमधल्या पद्मा पाटीलवर मराठीत दीर्घकथा लिहिते आहे. मैत्रिणी ‘भारी! पुढचा भाग कधी?’ म्हणतात. एकानं मात्र ‘तुझी पद्मा मेरी स्यू आहे’ एवढंच कळवलं. तेव्हापासून लिहावंसं वाटत नाही. (कोल्हापूर)

समाधान : ही मेरी स्यू आली कुठून ते आधी पाहा. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या एका हौशी अंकात पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये एक छोटं विडंबन लिहिलं. ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट, वय साडेपंधरा. सगळे तिच्यावर फिदा, सगळं तिला येतं, शेवटी ती मरते आणि अख्खं जहाज रडतं. त्या काळच्या ढिगानं येणाऱ्या कथांवर तो नेमका टोला होता. पुढे मात्र कुठलीही मुलगी कर्तबगार दिसली की तिच्या पाठीत घालायची काठी म्हणून ते नाव वापरलं जाऊ लागलं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार प्रत्येक संकटातून सुटतो, त्याला कुणी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

तरीही शेरा फेकून देऊ नका. तुम्ही पाठवलेलं पाचवं प्रकरण मी वाचलं. हर्मायनीला ग्रंथालयात आठवडाभर जे सापडत नाही ते पद्मा उभ्या उभ्या सांगते. पद्मा हुशार आहे हा दोष नव्हे. ती हुशारांच्या रेव्हनक्लॉ घराची, तिनं हुशार असायलाच हवं. दोष असा की ती खोलीत येताच हर्मायनी मठ्ठ होते. पद्माला असं काहीतरी कळू द्या जे हर्मायनीला पुस्तकांतून कळणं शक्यच नव्हतं. मग दोघींचीही शान राहते.

आणि ते तुमच्या हातात आहे, कारण रोलिंगबाईंनी या दोन बहिणी जवळजवळ कोऱ्याच सोडल्या. पार्वती ग्रिफिंडॉरमध्ये, पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. चौथ्या पुस्तकात हॅरी आणि रॉन यांच्याबरोबर एक कंटाळवाणा नाच, पुढे इकडेतिकडे उल्लेख. घरी काय बोलतात, काय खातात, वेगवेगळ्या घरांत निवड झाली त्या रात्री बहिणींना काय वाटलं, यातलं काही नाही. सुट्टीत घरी आलेल्या बहिणी आईसमोर एकमेकींशी बोलणं टाळतात ते तुमचं पान सगळ्यांत चांगलं आहे. तिथे मूळ पुस्तक तुमच्या मदतीला नाही आणि तरी कथा डगमगत नाही. त्या टीकाकारानं पाचव्या प्रकरणाबरोबर हेही सांगायला हवं होतं. दोन शब्दांचा शिक्का मारणं ही टीका नव्हे. ‘भारी! पुढचा भाग कधी?’ हीसुद्धा नव्हे, आणि माझ्या मते तुमचं जास्त नुकसान तीच करते आहे. भागाभागानं लिहिताना ज्या प्रसंगाला दाद मिळते त्याच बाजूला पुढचा भाग कलतो आणि कथा वाचकांच्या हट्टानं चालू लागते. शेवटचं प्रकरण आधी लिहून ठेवा. प्रसिद्ध करण्यापूर्वी एकाच विश्वासू माणसाला वाचायला द्या. या मंडळींत त्याला बीटा रीडर म्हणतात. त्या व्यक्तीनं पद्मावर प्रेम करू नये, हर्मायनीवर करावं.

शंका : आमच्या वाचनगटातल्या मित्रानं शेरलॉक होम्सला प्लेगच्या पुण्यात आणलं आहे. चुका दिसतात, पण तो हौशी आहे, पदरचा वेळ खर्चून लिहितो. बोलावं की गप्प बसावं? (ठाणे)

समाधान : बोला, पण सगळ्या गटासमोर नको, आणि आधी त्याला विचारा की त्याला काय हवं आहे. चार घटका मजा म्हणून लिहिलं असेल तर कौतुक करून सोडून द्या. कथा सुधारायची असेल तर पुढचं वाचा.

पाठवलेल्या भागात तो लिहितो की होम्स मेला असं जग समजत होतं त्या काळात तो पुण्यात होता. होम्सचे निर्माते डॉइल यांच्या हिशेबानं हा अज्ञातवास १८९१ ते १८९४; होम्स सिगर्सन या नावानं तिबेटात हिंडला. पुण्यात प्लेग पसरला १८९७च्या सुरुवातीला, प्लेग-अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली २२ जून १८९७ ला. तेव्हा होम्स बेकर स्ट्रीटवर परतून तीन वर्षं झाली होती. मित्रानं हे जाणून मोडलं असेल तर एका वाक्यात वाचकाला तसं जाणवू द्यावं. नकळत झालं असेल तर कथा सरळ १८९७ मध्ये न्यावी, होम्सला मुंबईच्या बोटीतून उतरवावं. तो अज्ञातवास जाम्यांग नोर्बू यांनी १९९९ मध्ये आपल्या इंग्रजी कादंबरीत भरून काढला. निवेदक घेतला किपलिंगच्या ‘किम’मधला हरी मुखर्जी, म्हणजे तोही उसनाच. त्या पुस्तकाला क्रॉसवर्ड पुरस्कार मिळाला. मित्राला हे आवर्जून सांगा.

तारखा हा मात्र किरकोळ भाग. मोठी अडचण निवेदनात आहे. इथे होम्स स्वतःच गोष्ट सांगतो. वॉटसन सगळं पाहतो आणि त्याला काही कळत नाही, यावर त्या कथांची गंमत उभी आहे. साठ होम्सकथांपैकी सर्वस्वी होम्सच्या तोंडी दोनच, दोन्ही १९२६च्या, आणि जाणकार त्यांना डाव्याच मानतात. निर्मात्याला जे जमलं नाही ते जमवायचं असेल तर तसं सबळ कारण हवं.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो पुण्याच्या वाचकानंच विचारायचा. मार्च १८९७ मध्ये गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधत आहेत, सामान बाहेर काढत आहेत. अशा वेळी एक उंच साहेब बुधवारातल्या वाड्याची कडी वाजवतो. दार कोण उघडेल? उघडलं तरी त्याच्याशी खरं कोण बोलेल? मित्राच्या कथेत सगळे भडाभडा बोलतात, आणि प्लेग नुसता मागच्या पडद्यासारखा टांगलेला राहतो. लंडनमध्ये होम्सला सगळी दारं उघडी असतात. इथे बंद असतील तर ही कथा डॉइल यांची नक्कल न राहता तुमच्या मित्राची होईल. हे एवढं बोललात तरी पुरे. शुद्धलेखनाच्या चुका कागदावर खुणा करून द्या, तोंडी नकोत. ‘डॉइलची सर नाही’ आणि ‘स्वतःचं काहीतरी लिही’ ही दोन वाक्यं टाळा. पहिलं त्याला माहीतच आहे, दुसऱ्याचा या कथेशी संबंध नाही.

शंका : मी ‘फास्टर फेणे’ची नवी साहसकथा लिहिली आहे. एक दिवाळी अंक छापायला तयार आहे. मानधन घेणार नाही. मग हरकत नसावी ना? (पुणे)

समाधान : हरकत आहे. पैसे घेतले नाहीत की कायदा लागू होत नाही हा समज चुकीचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला, टीकेला आणि परीक्षणाला वाव आहे. सिव्हिक चंद्रन यांनी एका गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर देणारं प्रतिनाटक लिहिलं, तेव्हा केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये याच आधारावर ते उचलून धरलं. ते मूळ नाटकावरचं भाष्य होतं. तुमची कथा भाष्य नाही, फुरसुंगीच्या बनेशचं आणखी एक साहस आहे, आणि प्रेमानं लिहिलेलं असलं तरी त्याला ही सवलत मिळेल यावर मी भरवसा ठेवणार नाही. होम्सची गोष्ट निराळी. डॉइल १९३० मध्ये गेले, आपल्याकडे त्यांचे हक्क केव्हाच संपले. फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत. तोवर मित्रांत वाचून दाखवा, आणि छापायचंच असेल तर हक्कधारकांची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय संपादकांच्या हाती कथा देऊ नका.