पंप बदलल्यावर पेट्रोलचा काटा चुकतो तेव्हा

पहाटेच्या बाजारात भाजीपाला पोहोचविण्यासाठी पुष्कळ शेतकरी पेट्रोलवर चालणारी लहान मालगाडी वापरतात. टाकीतील पंप नवा बसविल्यावर गाडी चांगली चालू लागते. परंतु काटा मात्र कधी कधी अर्ध्या टाकीला पूर्ण टाकी दाखवितो. अशा काट्यावर विसंबल्यास गाडी वाटेतच बंद पडते व माल उशिरा पोहोचून भाव जातो. शिवाय हा पंप पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडल्यास नवा पंपही लवकर बिघडतो.

काटा का चुकतो?

पुष्कळ गाड्यांत पंप व मापक एकाच जोडणीत असतात. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोलची पातळी बदलली की दांडी वरखाली होते, विजेचा रोध बदलतो व त्यानुसार काटा हलतो. पंप बसविताना दांडी वाकली, टाकीच्या भिंतीला अडली, जोडणी फिरून बसली किंवा दुसऱ्या नमुन्याच्या गाडीचे मापक बसविले गेले, तर काटा चुकतो. म्हणून नवे मीटर विकत घेण्यापूर्वी टाकीतील मापक तपासावे.

तपासणी व दुरुस्ती

१. प्रथम टाकीजवळील तारांची जोडणी व अर्थिंग पाहावे. गंज असल्यास साफ करावा.

२. टाकी उघडण्याचे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. टाकीत पेट्रोल कमी असावे, नळीतील दाब काढावा, बॅटरीची ऋण तार सोडावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून खळग्यात साचते. म्हणून काम उघड्यावर करावे आणि जवळपास विडी, चूल वा ठिणगी नसावी.

३. जोडणी बाहेर काढून नवी दांडी जुनीशी ताडून पाहावी. यासाठी जुना भाग टाकून देऊ नये.

४. मल्टीमीटर लावून दांडी हाताने सावकाश वरखाली करावी. रोध एकसारखा बदलला पाहिजे. तो मध्येच तुटल्यास मापक खराब समजावे. दोन्ही टोकांचे आकडे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेशी जुळवावेत.

५. रबरी रिंग नवी घालावी व झाकणावरील खूण टाकीच्या खुणेसमोर आणून जोडणी बसवावी. गळती नाही याची खात्री करावी.

खात्री कशी करावी?

सपाट जमिनीवर, इंजिन बंद ठेवून, पाच-पाच लिटर पेट्रोल भरावे व प्रत्येक वेळी काटा कोठे येतो ते वहीत टिपावे. काटा सावकाश सरकतो, म्हणून थोडे थांबावे.

दुरुस्ती होईपर्यंत किलोमीटरचा हिशेब ठेवावा. समजा, टाकी ३० लिटरची असून गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते. पूर्ण टाकीवर ती सुमारे ३६० किलोमीटर चालेल. तथापि २७० किलोमीटरनंतर पेट्रोल भरावेच. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब गाडीधारक शेतकऱ्यांना समजावून द्यावा. काटा चुकला तरी वहीतील हिशेब गाडी बाजारापर्यंत नेतो.