रॉड होल्डर बसवण्याआधी काठाखाली हात घालून बघा

मुरब्याची ओळख जाळ्याची. खाडीच्या या तीराला मुरबे, पलीकडे सातपाटी; दोन्हीकडची घरे पिढ्यान् पिढ्या जाळ्यावरच चालत आली. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस मुरब्याच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे मिळाले, लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले आणि गावाचे नाव देशभर पोचले. तो मासाही जाळ्यातलाच. पण घोळ, दाढा, रावस, शिंगाळा, वाम आणि खाडीतला जिताडा हे सगळे गळालाही लागतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी लहान फायबर होडी काढणाऱ्या माझ्यासारख्यांच्या हातात त्यासाठीच रॉड आला.

रॉड आला की होल्डर लागतोच. एका हाताने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने आमिष लावायचे, मग रॉड ठेवायचा कुठे? म्हणून लोक दुकानातून होल्डर आणतात, काठावर जागा दिसेल तिथे ठेवतात, चार स्क्रू आवळतात आणि मोकळे होतात. घाईने केलेल्या या कामाची किंमत किती मोठी असते, ते मी माझ्या होडीवर पाहिले. इतरांना ती मोजावी लागू नये म्हणून हे लिहितो आहे.

मी घेतलेली होडी वापरलेली होती आणि तिच्यावर होल्डर आधीच बसवलेले होते. दिसायला चकचकीत, हाताने हलवले तर घट्ट. एका ओहोटीला आम्ही खाडीच्या मुखाबाहेर वाहत्या पाण्याबरोबर होडी सोडली होती. पाण्याला ओढ होती म्हणून रीलचा ड्रॅग आवळलेला होता. डोलीच्या जुन्या कवीजवळून, म्हणजे डोलीचे जाळे जिथे रोवून लावतात त्या जागेजवळून, जाताना तळाशी बुडालेल्या दोरात गळ अडकला. मासा असता तर त्याने दोरी तरी नेली असती. इथे एका टोकाला समुद्राचा तळ आणि दुसऱ्या टोकाला माणसांसकट अख्खी होडी, अशी ओढाताण सुरू झाली. रॉड काठाशी वाकला आणि कुणी हात लावायच्या आत होल्डर मुळासकट उपटून निघाला. तो भाच्याच्या दंडाला घासून रॉड-रीलसह पाण्यात गेला. दंडाऐवजी डोळा असता तर काय झाले असते, हा विचार आजही अंगावर येतो.

खरे नुकसान किनाऱ्यावर आल्यावर कळले. होल्डर नुसत्या टॅपिंग स्क्रूवर बसवलेला होता. खाली नट नाही, वायसर नाही, आधाराची पट्टी नाही. स्क्रूच्या भोकांना सीलंटही नव्हते. त्या भोकांतून खारे पाणी आणि पावसाचे पाणी फायबरच्या दोन थरांमधल्या प्लायमध्ये झिरपत राहिले होते. काठ कापून उघडला तेव्हा आतले प्लाय काळे पडून बोटाने कुसकरता येईल इतके कुजलेले होते. रॉड-रील पुन्हा घेता आले, पण काठ नवा करायला मोठा खर्च आला. आमच्या घरचे वडीलधारे तांडेल काका तेव्हा म्हणाले, ‘‘बाबा, होडीला भोक पाडायच्या आधी काठाखाली हात घालून बघायचं. वरून सगळंच चांगलं दिसतं.’’ पुढचे सगळे या एका वाक्याचा विस्तार आहे.

जागा आधी, वस्तू नंतर

होल्डर विकत घेण्याआधी आपण कुठे आणि कशी मासेमारी करतो ते ठरवा. परदेशी चित्रफितींत दिसणारे होल्डर बहुधा निळ्या, स्वच्छ पाण्यात होडी चालवत मागे खोटे आमिष ओढण्यासाठी लावलेले असतात. मालवण-रत्नागिरीकडे सुरमईसाठी ती पद्धत चालते. आपल्याकडचे पाणी गढूळ, तळ चिखलाचा, आणि उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक. इथे बहुतेक वेळा नांगर टाकून शिशाने आमिष तळाशी बसवायचे असते.

नांगर नाळेवरून टाकला की होडीचे तोंड प्रवाहाकडे वळते आणि सगळ्या दोऱ्या मागे जातात. म्हणून होल्डर मागच्या दोन कोपऱ्यांत आणि त्यांच्या थोडे पुढे असावेत, तोंड मागे आणि किंचित बाहेर झुकलेले. कोपऱ्यातल्या रॉडची दोरी आउटबोर्डच्या पंख्यावरून जाणार नाही इतके अंतर ठेवा. सुकाणूवर बसलेल्या माणसाचा हात निदान एका रॉडपर्यंत पोचला पाहिजे. पुढे नाळेवर, जिथे कुणाचे लक्ष नसते, तिथे रॉड ठेवून देऊ नका.

आपल्या गावच्या दोन गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाहीत. पहिली म्हणजे, खाडीत होड्या एकमेकींना खेटून लागतात आणि ओहोटीला चिखलावर कलंडतात. काठाच्या बाहेर आलेला होल्डर शेजारच्या होडीला घासून तुटतो, नाहीतर तिची कड फोडतो. दुसरी म्हणजे, त्याच होडीतून तुम्ही जाळेही टाकत असाल, तर ज्या बाजूने जाळे ओढता ती बाजू पूर्ण गुळगुळीत राहिली पाहिजे. अशा होडीला काढता-घालता येणारे होल्डर किंवा काठात गाडलेले, वर न येणारे होल्डरच योग्य.

जागा मनात ठरली की लगेच ड्रिल उचलू नका. होल्डर दोरीने किंवा शिकंज्याने तात्पुरते बांधून दोन-तीनदा समुद्रावर जाऊन या. कुठे कोपर लागते, कुठे दोर अडकतो, वर चढताना पाय कुठे आपटतो, ते आपोआप कळते.

कोणता होल्डर

काठात भोक पाडून बसवायचा, म्हणजे गाडलेला होल्डर सर्वांत मजबूत. तो सरळ, १५ अंशांत आणि ३० अंशांत कललेला असा मिळतो. नांगरावरच्या मासेमारीला ३० अंशांचा बरा. मात्र त्याला रुंद काठ लागतो आणि खाली मोकळी जागा लागते. आपल्या लहान होड्यांचा काठ अरुंद असतो, तिथे भिंतीला उभा बोल्ट करायचा किंवा पाइपच्या कठड्याला आवळायचा होल्डर घ्यावा. आवळायच्या प्रकारात पट्ट्याखाली रबर हवे, नाहीतर रॉडवर ताण आला की सगळा होल्डर कठड्याभोवती फिरतो.

आतला व्यास साधारण ४१-४२ मिलिमीटर असला की बहुतेक रॉडचे बूड त्यात बसते. काही होल्डरच्या तळाशी आडवी पिन असते. तुमच्या रॉडच्या बुडाला खाच असेल तर ती त्या पिनेवर बसते आणि रॉड स्वतःभोवती फिरत नाही. बुडाला खाच नसेल तर आत प्लास्टिकचे अस्तर हवेच.

कमी खर्चात काम भागवायचे तर बाहेरून ५० मिलिमीटरचा, जाड भिंतीचा पीव्हीसी पाइप चालतो. तो उन्हाने कालांतराने ठिसूळ होतो. म्हणून हलक्या रॉडसाठीच वापरा आणि दरवर्षी वाकवून तपासा.

धातूची पारख

बोईसरला फॅब्रिकेशनची कामे करणारे कारागीर मुबलक आहेत, ही आपली मोठी सोय. मापाप्रमाणे होल्डर करून मिळतो. दीड इंच नॉमिनल बोअरचा, शेड्यूल १० चा पाइप मागा. तो बाहेरून ४८.३ आणि आतून सुमारे ४२.८ मिलिमीटर भरतो, म्हणजे नेमका हवा तेवढा.

स्टील मात्र नीट पारखून घ्या. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. घरच्या भांड्याला ते उत्तम, पण खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे त्यावर बारीक खड्डे पडून तांबूस डाग येतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, ते या खड्ड्यांना रोखते. बाजारात जिन्याच्या कठड्यांसाठी येणारा २०० मालिकेतला पाइप तर समुद्रावर नेऊच नये. चुंबक लावून यातला फरक कळत नाही, कारण हे तिन्ही प्रकार चुंबकाला फारसे ओढले जात नाहीत. मॉलिब्डेनम ओळखणारे रासायनिक थेंब स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे असतात, मोठ्या कारखान्यांत धातू तपासणारे हातातले यंत्र असते. पैसे देण्याआधी एकदा तपासून मागा, त्यात संकोच कसला?

३१६ घेऊनही गंज चढतो, त्याचे कारण बहुधा कारागिरीत असते. साध्या लोखंडावर चालवलेले ग्राइंडरचे चाक स्टीलवर फिरवले की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तेच गंजतात. वेल्डिंगच्या कडेची निळी-काळी झाक तशीच ठेवली तरी तिथूनच गंज सुरू होतो. म्हणून दोन गोष्टी आधीच बोलून घ्या: चाक नवे हवे, आणि वेल्डिंगनंतर पिकलिंग पेस्ट लावून सांधा धुऊन द्यायचा. ॲल्युमिनियमच्या कठड्यावर स्टीलचा होल्डर बसवत असाल तर मध्ये नायलॉन किंवा रबर घाला. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते.

बोल्ट आणि भोक

ताण किती येतो, याचा हिशेब एकदा करून बघा. मासा ५ किलोने ओढतो आहे, वाकलेल्या रॉडचे टोक बोल्टपासून दीड मीटरवर आहे आणि बोल्टांच्या दोन ओळींत १० सेंटिमीटर अंतर आहे. मागच्या ओळीवर येणारा ओढा ७५ किलोंचा झाला. गळ तळाला अडकला आणि होडी वाहत राहिली तर तो याच्या कित्येक पट होतो. फायबरच्या पातळ थरात रुतलेला स्क्रू हे कसे पेलणार?

म्हणून बोल्ट आरपारच हवा, निदान ६ मिलिमीटरचा, जड रॉडसाठी ८ मिलिमीटरचा, तोही ३१६ चा. खाली रुंद वायसर, नायलॉन असलेला नट आणि आधाराची पट्टी. पट्टी फायबरची किंवा जाड एचडीपीईची घ्या, होल्डरच्या पायापेक्षा चारी बाजूंनी मोठी. साधे प्लाय वापरू नका, ते कुजते. स्टीलच्या बोल्टावर स्टीलचा नट घासून जाम होतो, म्हणून आटे घालण्याआधी थोडे ग्रीस लावा.

ड्रिल लावण्याआधी काकांचे वाक्य आठवा. काठाखाली हात घाला, आरसा आणि बॅटरी धरून बघा. तिथे पेट्रोलची टाकी, तिची नळी, वायर किंवा सुकाणूची केबल असू शकते. हात पोचत नसेल तर नटही लावता येणार नाही, मग ती जागा सोडा.

भोकाच्या जागी कागदी टेप चिकटवा. गोल करवतीने कापताना सुरुवातीला ड्रिल उलटे फिरवा, म्हणजे वरचा जेलकोट कपचे उडून फुटत नाही. फायबरची धूळ फुप्फुसांना वाईट. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. आत प्लाय असेल तर भोक हव्या त्या मापापेक्षा मोठे पाडा, इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर मधोमध बोल्टाच्या मापाचे भोक पाडा. आता बोल्ट प्लायला कुठेच टेकत नाही आणि पाण्याला आत जायला वाट उरत नाही. माझ्या होडीचा काठ एवढ्या एका गोष्टीने वाचला असता.

सीलंट पॉलियुरेथेनचे, बोटींसाठीचे घ्या. बाथरूमचे सिलिकॉन नको; ते निघते आणि मागे राहिलेल्या थरावर पुढे ना रंग धरत ना दुसरे सीलंट. बोल्टाभोवती आणि पायाखाली भरपूर लावा. नट पहिल्यांदा हलकेच आवळा, नाहीतर सगळे सीलंट बाहेर पडते. ते घट्ट झाल्यावर शेवटचा पीळ द्या. गाडलेल्या होल्डरच्या तळाला पाणी जायला वाट हवी, आणि ती होडीच्या पोटात उघडता कामा नये.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या तेव्हा किनाऱ्यावर असतात म्हणून हे काम पावसाळ्यावर ढकलले जाते. पण ओल्या फायबरवर रेझिन धरत नाही. मे महिन्यात, कोरड्या उन्हात काम उरका.

समुद्रावर

उत्तम बसवलेला होल्डरही चुकीच्या वापराने उपटतो. रॉड होल्डरमध्ये ठेवताना ड्रॅग सैल ठेवा. दोरीच्या ताकदीच्या पाव भागाहून जास्त नको. साधा तंगूस ताणला जातो आणि झटका थोडा गिळतो, विणलेली दोरी ताणत नाही, झटका थेट बोल्टावर येतो. रीलला एक बारीक दोर बांधून तो होडीच्या मजबूत कडीला अडकवा, होल्डरला नव्हे.

कवीजवळ वाहत्या होडीतून तळाला गळ टाकू नका. तिथे दुसऱ्याच्या जाळ्याचेही नुकसान होते. वाहत्या होडीतून मासेमारी करायचीच तर भांगाचे दिवस बरे, पाण्याला ओढ कमी असते. गळ अडकलाच तर आधी ड्रॅग सोडा, मग होडी प्रवाहावर नेऊन उलट्या बाजूने सोडवा. नाही सुटला तर दोरी कापा. त्यासाठी धारदार सुरी हाताशी ठेवा, पेटीत नको. दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नका. लाइफ जॅकेट अंगावर असू द्या, मुले बरोबर असतील तर त्यांना होल्डरच्या मागे बसवू नका.

नवा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक होल्डर दोन्ही हातांनी धरून चारी दिशांना जोर लावून बघा आणि खालचे नट चाचपा. जो जरासाही हलेल, तो काढून आतले प्लाय तपासल्याशिवाय त्यात रॉड ठेवू नका.