गाडीची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ

पुण्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या यादीत नाव लागलं, त्याच दिवशी मी घरात सांगितलं होतं की मला पुण्यात राहू द्या. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे सगळं अंगाशी आल्यावर "तू तेव्हाच बोलायचं होतंस" असं मला ऐकवलं गेलं. मी बोलले होते. ऐकलं कुणी नाही.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला. आम्हाला पुण्याला जायला दोन वाटा. एक तळेगाव ढमढेरेवरून शिक्रापूरला निघून नगर रोडने एसटी. दुसरी पारगावला भीमेचा पूल ओलांडून केडगाव स्टेशन आणि तिथून रेल्वे. दोन वाटा असल्यामुळे घरच्यांना पुणे दारातच वाटतं. त्यात आमचे नाना, म्हणजे चुलते, हडपसरला कंपनीत आहेत आणि वर्षानुवर्षं केडगावहून ये-जा करतात. ते म्हणाले, "मी अख्खी नोकरी ये-जा करून केली. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. पोरीला एकटी ठेवायची कशाला?" घरात नानांचा शब्द चालतो. पप्पा गप्प बसले.

नानांची शिफ्ट भोंगा वाजला की संपते. हात धुतले की ते स्टेशनवर. माझं तसं नव्हतं. मला हडपसरच्या पुढे पुणे स्टेशन, तिथून पीएमपीच्या बसने शिवाजीनगर. आणि विषय ऑरगॅनिक केमिस्ट्री. रिअ‍ॅक्शन रिफ्लक्सला लावली की ती कुणाच्या गाडीसाठी थांबत नाही. टीएलसीवर सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका दिसतोय तोवर तापवत राहायचं. मग वर्कअप, गाळणं, रिक्रिस्टलायझेशन, वाळवणं, वजन करून यील्ड काढणं. तोवर जर्नलवर सही नाही. बाकीच्या मुली सात वाजेपर्यंत निवांत थांबायच्या. मी पाचपासून घड्याळ बघायचे. कितीदा तरी ओला क्रूड तसाच पार्टनरच्या हवाली करून पळाले. तिने कधी तक्रार केली नाही, पण माझ्या यील्डच्या रकान्यात तिचे आकडे उतरवताना मला लाज वाटायची.

सकाळची तऱ्हा वेगळी. पहिलं लेक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली की हजेरी बंद. एक्स्प्रेस पुढे काढायला आमची डेमू कधी यवतला, कधी उरुळीला बाजूला उभी. दौंडपर्यंत विजेची लाइन आहे, पण पुणे–लोणावळ्यासारखी लोकल माझ्या वेळी तरी या बाजूला नव्हती. दौंडला लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या थांबतात. केडगावला त्यातल्या थोड्याच. एक चुकली की पुढची कधी, याला उत्तर नसायचं.

दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले. एका संध्याकाळी गाडी उरुळीच्या आधीच थांबून राहिली आणि मी केडगावला उतरले तेव्हा दादा बाहेर तासाभरापासून गाडी लावून थांबला होता. चौफुला ते न्हावरा रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दोन्ही बाजूंना ऊस. घरी पोहोचेपर्यंत दोघंही एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बोर्डवर डिफॉल्टरची यादी लागली. ७५ टक्के हजेरी नसलेल्यांची. त्यात माझं नाव. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं शिरूरला ज्या मुलीने एक प्रॅक्टिकल बुडवलं नाही, तिचं.

रात्री जेवताना मी ते सांगितलं. नाना ताटातून मान वर न करता म्हणाले, "थोडं लवकर निघत जा."

तिथेच मला लख्ख कळलं. प्रवेश घेतला त्या दिवसापासून घरात गाड्यांचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ होतं. माझं प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, हे एकाही माणसाने विचारलं नव्हतं. नानांनी नाही, पप्पांनीही नाही. "ये-जा जमते" हे त्यांनी नानांच्या नोकरीवरून ठरवलं होतं, माझ्या शिक्षणावरून नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा नानांना उलटून बोलले. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

म्हणून पुण्याला शिकायला निघणाऱ्यांना पहिली गोष्ट ही. फी भरण्याआधी विभागात जाऊन मागच्या वर्षाचं वेळापत्रक मागा आणि सीनियर मुलींना विचारा की प्रॅक्टिकल खरंच किती वाजता सुटतं. कागदावरच्या वेळेवर जाऊ नका. त्या वेळेनंतर घराकडे जाणाऱ्या किती गाड्या उरतात ते मोजा. एकच उरत असेल तर ये-जा करू नका. घर दौंडला स्टेशनजवळ असेल आणि विषय प्रॅक्टिकलचा नसेल, तर रेल्वेने जमू शकतं. मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो, पुढे विद्यार्थी म्हणून सवलत असते; कॉलेजच्या सहीचा फॉर्म लागतो. आरक्षित डब्यात तो पास चालत नाही, हे टीसीने दंड करायच्या आधी माहीत असू द्या. शिरूरला रेल्वेच नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण संध्याकाळी खराडी-वाघोलीत बस अडकली की तो वेळ कुणी परत देत नाही. आणि स्टेशन किंवा स्टँडपासून घरापर्यंतच्या रस्त्याचा विचार वेगळा करा. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याने माणसं मारली. अंधारात उसातून मोटारसायकलवर येणाऱ्या पोरीला "सवय होईल" असं कुणी सांगू नये.

राहायची सोय प्रवेशाच्या वेळीच करा. मला डिसेंबरात शोधावी लागली. तोवर कॉलेजचं वसतिगृह भरलेलं, सरकारी वसतिगृहांच्या याद्या लागून गेलेल्या. उरलं ते कॉट बेसिस. घरमालकीण काकू पहिल्या दिवशी फार गोड बोलल्या. चहा दिला. दोन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, मी पावती मागितली तर म्हणाल्या, "अगं, घरच्यासारखं आहे, पावती कसली?" पप्पांना संकोच वाटला. त्यांनी निम्मे पैसे रोख दिले, निम्मे फोनवरून पाठवले.

दुसऱ्या वर्षी परीक्षा संपल्यावर मी खोली सोडली, तेव्हा त्याच काकू वेगळ्या आवाजात बोलल्या. वर्ष जूनअखेर संपतं, तोवरचं भाडं द्यावं लागेल. भिंतीला रंग द्यावा लागेल. गादी खराब झाली. रोख दिलेले पैसे त्यांना आठवतच नव्हते. पप्पांनी फोनवरून पाठवताना "डिपॉझिट" एवढा एक शब्द लिहिला होता म्हणून तेवढ्या पैशांवर तरी बोलता आलं. तेही कापूनच मिळाले. पप्पा त्यांच्यासमोर हात जोडून बोलत होते ते मला अजून सहन होत नाही. पैसे पप्पांचे स्वतःचे होते.

त्यामुळे रोख देऊ नका, द्यावेच लागले तर त्याच क्षणी मेसेज करून "एवढे रोख डिपॉझिट मिळाले" असं उत्तर घ्या. सोडायची मुदत किती, रंगाचे पैसे कुणाचे, हे आत जायच्या आधी लिहून घ्या. पहिल्या दिवशी खोलीचा व्हिडिओ काढा, गादीसकट. कागदपत्रांच्या झेरॉक्स ठेवा, वेळेवर जेवा, घरी रोज फोन करा. हे सगळे सांगतातच.

पैशांची अडचण असेल तर योजना आहेत, आणि आपल्याकडे त्या माहीत नसतात याचा मला राग येतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींना स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. त्याच धर्तीवर इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. उत्पन्नाची, टक्केवारीची, हजेरीची अट असते. दाखले काढायला तहसीलमध्ये दिवस जातात, म्हणून निकालाची वाट न बघता आधीच काढा. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं १९५५ पासून खेड्यातल्या गरजू मुलामुलींसाठी आहेत. त्यांचा अर्ज प्रवेशाच्या दिवसांतच भरायचा. २०२४ मध्ये उत्पन्नाच्या आणि प्रवर्गाच्या अटींत बसणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण माफी मिळाली, तेव्हा गावात पुष्कळांना वाटलं की आता सगळंच फुकट. त्यात राहण्याजेवणाचा खर्च येत नाही.

यंदा नानांच्या मुलीची बारावी झाली. तिच्या वसतिगृहाचा अर्ज नानांनी स्वतः पुण्याला जाऊन भरला, निकालाच्या आठवड्यातच. मला त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. तिने विचारलं, तेव्हा मी तिला माझ्या विभागातल्या दोन सीनियरचे नंबर दिले आणि सांगितलं, आधी प्रॅक्टिकलची वेळ विचार.