पहिला संशय अर्थवर

भाईंदर पूर्वेला, सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, मी जुनी मारुती एस्टीम पुन्हा उभी केली. वजनाला हलकी, १.३ लिटरचं इंजिन, एमपीएफआय आवृत्तीत ८५ बीएचपी. रॅली आणि ऑटोक्रॉसवाल्यांची ही वर्षानुवर्षांची लाडकी गाडी. इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक सगळं मनासारखं झालं. गाडी अडली ती वायरिंगवर. घरी गाडी बांधणाऱ्या बहुतेकांची तिथंच अडते, म्हणून हे लिहितोय.

१. बॉडी रंगवून आली की अर्थचे (बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडणारे) बोल्ट बसतात तो पत्राही रंगलेला असतो, आणि रंगातून करंट जात नाही. हेडलाइट लावले की माझी गाडी मिसिंग मारायची. इंडिकेटर दिला की तापमानाचा काटा त्याच तालावर हलायचा. असा काटा हलला की डॅशबोर्डच्या मीटरला नीट अर्थ मिळत नाही हे ओळखावं. सेन्सर, पंप यांवर पैसे घालण्याआधी पॉलिश पेपरनं पत्रा लख्ख घासा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

२. अंदाज नको, मीटर लावा. आणि तोही लोडवर. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. पण एवढ्यावरून अर्थिंग नीट आहे का ते कळत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास राहायला हवा. माझा एकाच्या वर गेला. इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी वरून धडधाकट होती. लग उघडला तर आत हिरवट चुरा. याच पट्टीवर मीटरचा कंटिन्युइटी बीप मात्र खणखणीत वाजला होता. बीपला मिलिअँपिअरभर करंट पुरतो, सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात. एका तारेवर तग धरून राहिलेल्या केबलचाही बीप वाजतो.

३. आपल्याकडे खाडी आहे, मिठागरं आहेत, वर चार महिने पाऊस. इथं तांबं फार लवकर हिरवं पडतं. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळण्याचा प्रकार मीरा-भाईंदरमध्ये एक पावसाळाही नीट काढत नाही. चांगल्या क्रिंपिंग टूलनं टर्मिनल दाबा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका. थरथरीनं तार सोल्डरच्या कडेलाच तुटते.

४. ५५ वॉटचे दोन दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर ओढतात. हा भार जुन्या स्विचवर टाकू नका, रिले लावा: ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५-८६ ला स्विच. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवाच. हा नियम मोडलेली गाडी मी स्वतः चालू करणार नाही.

५. बंद गाडीनं ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट खाऊ नये. ३०० खाल्ला तर ३५ एएचची बॅटरी पाच दिवसांत संपते, आणि पार्किंगमध्ये चार्जरसाठी प्लग क्वचितच असतो. मीटर सिरीजमध्ये लावून एकेक फ्यूज काढत जा. आकडा पडला की चोर सापडला.

६. वायरिंग जमली तरी कायदा उरतोच. सांगलीतल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप बनवली, तीही दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं भरभरून कौतुक केलं, पण ती नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहारांना बोलेरो दिली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. इंजिन बदलायचं मनात असेल, तर सुटे भाग घ्यायला कुर्ल्याला जाण्याआधी आरटीओत चौकशी करा आणि परवानगी लेखी घ्या.