येमेनी शॅमेलिऑनची वीण आणि अंड्यांची निगा

येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडील डोंगराळ पट्ट्यातला, माथ्यावर उंच तुरा असलेला शॅमेलिऑन अमेरिका-युरोपात हौसेने पाळला जातो. पिंजऱ्यात त्याची वीण अगदी सहज होते आणि बहुतेकांची फसगत नेमकी तिथेच होते. मादी एका खेपेला साधारण २० ते ७० अंडी घालते, क्वचित त्याहूनही जास्त. जोडी लावायला काही मिनिटे पुरतात. पुढचे काम वर्षभर पुरते.

मादी किमान वर्षाची होईपर्यंत तिला नराजवळ सोडू नये. कोवळ्या वयातल्या मादीच्या हाडांतले कॅल्शियम अंड्यांच्या कवचाकडे ओढले जाते आणि ती खंगते. भरपूर खाऊ घातलेली मादी जास्त अंडी धरते, म्हणून लाडाने रोज किडे चारणे तिच्या जिवावर उठते. नराची गाठ पडली नाही तरी ही मादी अंडी घालतेच, तेव्हा एकटी मादी पाळणाऱ्यालाही यातून सुटका नाही. एका मीलनातले शुक्राणू ती साठवून ठेवते. त्यामुळे नर वेगळा केल्यावरही दुसऱ्या खेपेची अंडी फळू शकतात. नर दिसताच मादी काळवंडली, तोंड वासून फुसफुसू लागली, तर तिला त्याच क्षणी बाहेर काढावे. तिची समजूत पटण्याची वाट पाहिली की चावे आणि जखमा ठरलेल्या.

मीलनानंतर २० ते ३० दिवसांत मादी खाणे कमी करते, फांद्या सोडून पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालते. तोपर्यंत ओल्या वाळू-मातीने भरलेली, सुमारे ३० सेंटीमीटर खोलीची बादली आत असायला हवी. माती इतकी ओलसर असावी की बोटाने पाडलेले भोक ढासळू नये, कारण मादी बोगदा खणून तळाशी अंडी घालते. या वेळी कोणी डोकावताना दिसले तर ती खणणे अर्धवट सोडते. पिंजऱ्यावर कापड टाकून लांब राहणे उत्तम. जागा पसंत पडली नाही तर ती अंडी पोटातच रोखून धरते आणि ती अडकतात. दिवसाढवळ्या डोळे मिटून तळाशी पडून राहिलेली मादी थकलेली नसते, ती संकटात असते. घरगुती उपाय करत बसण्याची ही वेळ नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य त्याच दिवशी गाठावा.

अंडी काढताना ती फिरवू नयेत. गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटून वाढतो; अंडे उलटले तर तो दगावू शकतो. म्हणून जागेवरच वरच्या बाजूला पेन्सिलीची बारीक खूण करून अंडे त्याच स्थितीत उचलावे. झाकणाच्या डब्यात रोपवाटिकेत मिळणारे व्हर्मिक्युलाईट घालावे आणि त्यात अंडी अर्धी रुतवून मांडावीत. ओलावा वाफसा आलेल्या जमिनीइतकाच हवा: मूठ दाबली की गोळा व्हावा, पाणी मात्र ठिबकू नये. जास्तीच्या पाण्याने अंडी फुगून फुटतात किंवा कुजतात, आणि हौशी माणसाचा हात नेहमी पाण्याकडेच वळतो. झाकणाला धरलेले थेंब अंड्यांवर पडू देऊ नयेत.

तापमान २६ ते २८ अंश सेल्सियस पुरेसे असते. कोंबडीची अंडी उबवणारे यंत्र ३७.५ अंशांवर चालते. त्यात ही अंडी शिजल्यात जमा. पिले बाहेर यायला सहा ते नऊ महिने लागतात. पिवळी पडून खचलेली, बुरशी धरलेली अंडी बहुधा निष्फळ असतात. ती काढावीत, पण शंका असेल तर अंडे राहू द्यावे. मधल्या काळात अंडे खचले तर ते ओलावा कमी पडल्याचे लक्षण असते. शेवटी मात्र अंड्यांना घाम फुटल्यासारखे थेंब येतात आणि ती आक्रसतात. तेव्हा पाणी घालू नये आणि कवच कापून मदत तर मुळीच करू नये. चिरेतून डोके काढून पिलू तासन्‌तास तसेच राहते, कारण पोटातला बलक शोषला जायचा असतो.

पिलांना फळमाश्या आणि बारीक रातकिडे, त्यांवर कॅल्शियमची भुकटी आणि अतिनील किरणांचा दिवा लागतो. गर्दी झाली की ती एकमेकांच्या शेपट्या चावतात. मागच्या पायाच्या टाचेवरचा छोटा काटा नर पिलाला जन्मापासून असतो.

भारतात या जातीसाठी कायदा आधी पाहावा लागतो. सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या परिशिष्टांतल्या विदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक आहे, आणि घरात जन्मलेल्या पिलांचीही नोंद करावी लागते. आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, तर वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, पाळणे किंवा विकणे गुन्हा आहे. तो विषारी नसतो. शेतात किंवा रस्त्यावर दिसला तर त्याला जाऊ द्यावे आणि जखमी असेल तर वनविभागाला कळवावे.