जुन्या जीपचा 'सेल्फ' : बदलण्यापूर्वीची परीक्षा

नाशिक जिल्ह्यात कांदा लासलगावी व टोमॅटो पिंपळगाव बसवंतला पोहोचविण्याच्या कामी अद्यापही पुष्कळ जुन्या डिझेल जीपगाड्या राबत आहेत. ह्यांतील कित्येक गाड्या सातपूरच्या कारखान्यातच तयार झालेल्या आहेत. अशी गाडी नेमकी पहाटेच्या थंडीत अडून बसते. निफाड तालुक्यात, विशेषतः कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या नोंदीत, हिवाळ्यात पारा 5 अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्याचे अनेकदा आढळते. अशा वेळी इंजिनातील तेल घट्ट होते, बॅटरीची शक्ती घटते आणि डिझेल इंजिनास तर हवा दाबून तापविण्यासाठी वेगाने फिरविले जाणे आवश्यक असते. माल भरलेला, बाजाराची वेळ टळत चाललेली; मग शेतकरी बंधू घाईने 'सेल्फ गेला' असा निर्णय करतो व नवा विकत आणतो. बहुतेक वेळा दोष सेल्फमध्ये नसून त्याला मिळणाऱ्या विजेत असतो, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम सेल्फचे कार्य समजून घ्यावे. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीवर विजेचा स्टार्टर आला. तत्पूर्वी इंजिन हँडल मारूनच फिरवावे लागे. किल्ली फिरविताच थोडासा विद्युतप्रवाह सोलेनॉइडमध्ये जातो व आतील लोखंडी दांडा ओढला जातो. त्यायोगे पिनियन हे लहान दातेरी चक्र पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यात अडकते, आणि लगेच तांब्याचे दोन जाड संपर्क जुळून बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरीस मिळतो. हा प्रवाह 200 अँपिअर किंवा त्याहूनही अधिक असतो. म्हणून वाटेत कोठे केवळ शंभरांश ओहम रोध उत्पन्न झाला तरी 200 अँपिअरला 2 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी एवढे नुकसान सहज करते.

परीक्षेस आरंभ कानाने करावा. किल्ली फिरविल्यावर टकटकटक असा सलग आवाज आला व दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड सैल आहे. दिवे प्रखर राहून एकच 'टक्' ऐकू आला, तर सोलेनॉइडचे संपर्क जळालेले अथवा मोटरीतील कार्बन ब्रश झिजलेले असण्याचा संभव आहे. मोटर घरघर फिरते पण इंजिन हलत नाही, तर पिनियनचा एकतर्फी क्लच निकामी झाला आहे. दात खरडल्याचा आवाज दातेरी कड्याकडे बोट दाखवितो. काहीच आवाज नसेल, तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंत येणारी बारीक तार आधी तपासावी. ती निसटलेली निघाल्यास सर्व काम दोन मिनिटांचेच.

ह्यानंतर साधा मीटर घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या सुमारास दाखविते, 12.2 च्या खाली आढळल्यास प्रथम ती चार्ज करावी. आता गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक ओढावा. इंजिन बंद करण्याची ओढणी ओढून धरावी, म्हणजे इंजिन फिरेल पण पेट घेणार नाही. एकाने किल्ली फिरवावी व दुसऱ्याने मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावी. मीटरने अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखविल्यास अर्थिंगच्या पट्टीत दोष आहे. हीच रीत धन टर्मिनल व सेल्फची जाड खिळी ह्यांच्यामध्ये करावी. दोन्ही बाजू ठीक, बॅटरी भरलेली आणि तरीही मोटर मंद किंवा स्तब्ध, असे ठरल्यावरच सेल्फ खोलावा. एका वस्तीवर नवा सेल्फ बसवूनही तीच रड चालू होती. चासिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी गंजून निम्मी उरली होती. पट्टी बदलली आणि खोक्यात ठेवलेला जुना सेल्फच पुन्हा बसविण्यात आला.

येथे एका घातक सवयीविषयी स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. सोलेनॉइडच्या दोन खिळ्यांवर पेचकस आडवा टेकवून गाडी चालू करण्याची रीत गावोगाव दिसते. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर इंजिन सुरू होताच ती पुढे झेपावते. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर हे काम करणारा मनुष्य मोठ्या मागच्या चाकापुढेच उभा असतो, आणि क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारी सुरक्षा-व्यवस्था ह्या युक्तीने निष्प्रभ होते. ह्या रीतीने माणसे दगावली आहेत. कार्यकर्त्यांनी ही रीत कोणी करीत असल्यास तेथेच थांबवावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ बिडी ओढू नये. तेथे स्फोटक हायड्रोजन वायू असतो.

सेल्फ काढताना चाकांना दगड लावावेत व बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी सोडवावी. तारांना चिंध्या बांधून खुणा कराव्यात. शेवटचा बोल्ट सोडताना सेल्फला खालून आधार द्यावा; तो दिसतो त्याहून जड असतो. मध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या आढळल्यास त्या जपून तशाच परत घालाव्यात. मोकळ्या झालेल्या भोकातून दातेरी कड्याची पाहणी करावी व इंजिन हाताने फिरवून संपूर्ण कडे पाहावे. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठराविक जागीच थांबते, म्हणून दातही तेथेच झिजतात. असे कडे राहू दिल्यास नवे पिनियनही लवकर खराब होईल.

केवळ ब्रश किंवा बुश झिजले असतील तर चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो, आणि माझ्या मते जुन्या गाडीस तेच परवडते. नवाच घ्यावयाचा झाल्यास जुना सोबत नेऊन पिनियनचे दात, फिरण्याची दिशा व बोल्टांची भोके ताडून पाहावीत. बसविण्याच्या जागेवरील रंग व गंज पॉलिश पेपरने घासून काढावा, कारण परतीचा प्रवाह तेथूनच जातो. जाड तारेचे नट आवळताना आतील नट दुसऱ्या पान्याने धरावा, नाहीतर खिळी फिरून आतील जोड तुटतो. ऋण तार सर्वांत शेवटी लावावी. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ सेल्फ मारू नये. मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. मीटरची परीक्षा पुन्हा एकदा, शक्यतो दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन थंड असताना करावी.